आजोबांच्या ट्रंकेतली सेशेल्सची पन्नासची नोट

आदरणीय काका,

मी गुहागर तालुक्यातल्या एका गावात राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. आईचे वडील बोटीवर होते. गेल्या मे महिन्यात माजघर उपसताना त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. आत त्यांचं खलाशाचं नोंदपुस्तक (सीडीसी) आणि एक चामडी पाकीट होतं. पाकिटात सेशेल्सच्या तीन नोटा निघाल्या, ५, १० आणि ५० रुपयांच्या. तिन्हींवर राणी एलिझाबेथ आहे. पन्नासच्या नोटेला आठ घड्या, कोपऱ्यात तेलाचा डाग आणि टाचणीची दोन भोकं आहेत. आईला एवढंच आठवतं की आजोबा 'करंजा' बोटीवर होते आणि 'शेशल' हे नाव त्यांच्या बोलण्यात यायचं.

मुंबईच्या एका प्रदर्शनात एका डीलरला नोटा दाखवल्या. तो म्हणाला, "या अवस्थेत काही किंमत नाही, पण दोन हजार देतो. धुऊन, इस्त्री करून बघू." पन्नासच्या नोटेवर राणीशेजारच्या माडाच्या झावळ्यांत 'सेक्स' असा इंग्रजी शब्द दिसतो, तोही त्यानेच दाखवला. घरी आल्यावर मामा म्हणाले, असली नोट घरात नको, विकून टाक. मला विकवत नाही. उलट इंग्रजांच्या काळातल्या सेशेल्सच्या सगळ्या नोटा जमवाव्यात असं मनात आलंय. महिन्याला दीड हजार रुपये बाजूला काढू शकते. सुरुवात कुठून करू? डाग काढू का? या नोटा बाळगायला कायद्याची काही अडचण आहे का? आणि वर्गातल्या मुलांना दाखवल्या तर चालेल का?

एक वाचक, गुहागर तालुका

ताई,

पन्नासची नोट विकू नका आणि धुऊ तर मुळीच नका. बाकी सगळं सावकाश ठरवता येईल, पण या दोन गोष्टी एकदा घडल्या की परत फिरवता येत नाहीत, म्हणून आधी सांगितल्या.

किंमतच नसती तर त्या डीलरने दोन हजार देऊ केले नसते. सेशेल्सची ही पन्नासची नोट जगभरचे संग्राहक शोधत असतात, आणि कोरी मिळाली तर कित्येक हजार रुपये मोजतात. तुमची नोट कोरी नाही, तेव्हा तो भाव तुम्हाला मिळणार नाही. पण मळक्या, घड्या पडलेल्या नोटेलाही गिऱ्हाईक असतं, आणि हे त्या माणसाला ठाऊक होतं.

धुण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. या नोटांवरचं मुख्य चित्र धातूच्या कोरीव पत्र्यांवरून दाबून छापलेलं असतं. शाई कागदावर किंचित उंच बसते, बोटाच्या टोकाला ती खरखर जाणवते. कागदाला कडकपणा येण्यासाठी खळ दिलेली असते. पाण्यात टाकली की ती खळ निघून जाते आणि नोट मऊ पडते. वरून इस्त्री फिरवली की उंच बसलेली शाई सपाट होते. लांबून नोट स्वच्छ दिसते, पण जाणकाराने हातात घेतली की त्याला लगेच कळतं. साबणाच्या पावडरीत कपडे पांढरे दिसण्यासाठी एक द्रव्य घातलेलं असतं, ते कागदात उतरतं आणि अतिनील दिव्याखाली नोट निळसर चमकते. नोटांचा जुना कागद तसा चमकत नाही. म्हणजे धुतलेल्या नोटेला दोन्हीकडून तोटा, मळकेपणाचा खरेपणा जातो आणि कोरेपणा तर येतच नाही.

तेलाच्या डागाबद्दल मला वेगळं वाटतं. तो डाग काढायचा नाही, एवढ्यावर मी थांबणार नाही. तो जपायचा आहे. तुमचे आजोबा डेकवर होते की इंजिनखात्यात, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सीडीसीत त्यांचा हुद्दा लिहिलेला असेल. डागाचा त्याच्याशी संबंध असेल किंवा नसेलही. पण ती नोट ज्या हातांतून आणि खिशातून आपल्या घरी आली, त्याची एवढीच खूण उरली आहे.

आता ही नोट काय आहे ते बघू. सेशेल्स म्हणजे हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या पूर्वेला विखुरलेली बेटं. १८१४ मध्ये मॉरिशससोबत ती रीतसर ब्रिटनकडे गेली आणि १९०३ पर्यंत मॉरिशसच्याच कारभाराखाली राहिली. मॉरिशसमध्ये १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले जात होते. त्यांत रत्नागिरीकडची माणसंही होती, आजही तिथे मराठी समाज आहे. मजुरांबरोबर आणि व्यापाराबरोबर आपले चांदीचे रुपये तिथे एवढे गेले की १८७६ मध्ये त्या सरकारने रुपयालाच आपलं चलन ठरवलं. सेशेल्सचा रुपया तिथून आला. तुमच्या हातातल्या नोटेवर राणी इंग्लंडची असली, तरी 'रुपी' हा शब्द आपल्या किनाऱ्यावरून तिकडे गेलेला आहे. मला ही गोष्ट त्या झावळ्यांतल्या अक्षरांपेक्षा कितीतरी मोठी वाटते.

सेशेल्सच्या सरकारने स्वतःच्या नोटा पहिल्यांदा काढल्या १९१४ मध्ये, पहिलं महायुद्ध पेटलं त्या वर्षी, तातडीची गरज म्हणून. मग पाचव्या जॉर्जच्या, सहाव्या जॉर्जच्या आणि १९५४ पासून एलिझाबेथच्या नोटा आल्या. तुमचं वर्णन १९६८ च्या मालिकेशी जुळतं. या मालिकेत पाच नोटा आहेत. पाचच्या नोटेवर काळा पोपट, जो प्रालँ बेटावर राहतो आणि आज त्या देशाचा राष्ट्रीय पक्षी आहे. दहावर समुद्री कासव, वीसवर समुद्रपक्षी, पन्नासवर शिडाचं जहाज आणि शंभरावर जमिनीवरची मोठी कासवं. लंडनच्या ब्रॅडबरी विल्किन्सन कंपनीने त्या छापल्या. २९ जून १९७६ ला सेशेल्स स्वतंत्र झालं आणि राणीच्या जागी नव्या नोटांवर पहिले राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅनचम आले. पुढच्याच वर्षी जूनमध्ये त्यांची सत्ता उलथवली गेली. म्हणून मॅनचमची नोटही एखादी जवळ असावी असं मला वाटतं. वसाहतीच्या मालिकेला ती लागूनच येते आणि फार महागही नसते.

त्या पन्नास रुपयांना तेव्हा काय मोल होतं, हेही मुलांना जरूर सांगा. सेशेल्सचा रुपया पौंडाला बांधलेला होता, साडेतेराच्या किंचित आत, म्हणजे १३ रुपये ३३ सेंटला एक पौंड. आपला रुपयाही बरीच वर्षं त्याच दराने होता. १९६६ मध्ये आपण रुपयाचं अवमूल्यन केलं. १९६७ च्या नोव्हेंबरात पौंड घसरला, त्यानंतर काही वर्षं पौंडाला आपले १८ रुपये पडत. या हिशेबाने सेशेल्सचे ५० रुपये म्हणजे पावणेचार पौंड, आपले साडेसदुसष्ट रुपये. त्या काळी कोकणातल्या घराला ही रक्कम किती मोठी होती, हे तुमच्या आईला विचारा. ती खर्च न करता, न बदलता त्यांनी पाकिटात ठेवली. पुढच्या फेरीला उपयोगी पडेल म्हणून ठेवली आणि ती फेरी झालीच नाही, असंही असेल. कुणाकडून येणं परत मिळालं असेल. हे आपले अंदाज आहेत, संग्रहाच्या वहीत ते कधीही घटना म्हणून लिहू नका. अंदाजासमोर 'अंदाज' असाच शब्द लिहा.

'करंजा'चं नाव वाचून मला फार बरं वाटलं. 'कंपाला' आणि 'करंजा' या ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जोडबोटी मुंबईहून सेशेल्समार्गे पूर्व आफ्रिकेला जात. १९७१ पर्यंत माहे या सेशेल्सच्या मुख्य बेटावर विमानतळच नव्हता. तिथल्या माणसांना बाहेरचं जग भेटायचं ते या बोटींतून, आणि बोटीवर काम करणाऱ्यांत आपल्या किनाऱ्यावरची माणसं पुष्कळ असत. आईच्या आठवणीतलं 'शेशल' म्हणजे हेच. ट्रंकेत दर्याचा नारळ, त्याची करवंटी किंवा वाळलेल्या खोबऱ्याचा तुकडा सापडला का, तेही बघा. तो जोडनारळ सेशेल्समध्येच पिकतो आणि औषधी म्हणून आपल्याकडे वर्षानुवर्षं येत होता.

आता तो शब्द. होय, राणीच्या चित्राशेजारच्या माडाच्या झावळ्यांत 'सेक्स' ही इंग्रजी अक्षरं वाचता येतात. दहाच्या नोटेवर कासवाच्या वल्ह्यासारख्या पायाखाली 'स्कम' म्हणजे घाण, असंही वाचता येतं. कुणी म्हणतात कोरणाऱ्याने राग काढला, कुणी म्हणतात निव्वळ रेषांचा योग. अशा कहाण्यांवर नोट महाग विकली जाते, म्हणून कहाणी कितीही रंगली तरी पैसे नोटेच्या अवस्थेला द्या. कॅनडाच्या १९५४ च्या नोटांवर राणीच्या केसांत सैतानाचा चेहरा दिसतो अशी ओरड झाली होती, तिथे पुढे केसांची छटा बदलून घेतली. सेशेल्सची नोट मात्र १९६८ पासून १९७३ पर्यंतच्या वेगवेगळ्या तारखांनी त्याच चित्रासह छापली गेली.

मामांना वाईट वाटलं ते समजण्यासारखं आहे. नोटेची ती बाजू त्यांच्यापर्यंत एका परक्या डीलरच्या बोलण्यातून पोचली, आणि तीही हसण्यावारी नेत सांगितलेली असावी. तुम्ही त्यांच्याशी वाद घालू नका. नोट आणि सीडीसी घेऊन त्यांच्याशेजारी बसा आणि त्यांना आजोबांबद्दल विचारा. ते त्यांचे वडील होते. बोट सुटताना आजोबा कोणाला काय सांगून जात, परत येताना काय आणत, हे तुमच्या आईपेक्षा मामांना जास्त आठवत असण्याची शक्यता आहे. मला वाटतं, ती नोट नको म्हणणाऱ्या माणसाकडेच तिची गोष्ट असेल.

वर्गात नोटा जरूर न्या. मूळ नोटा नेऊ नका, दोन्ही बाजूंचे मोठे रंगीत फोटो न्या. चौथीच्या मुलांना पोपट, कासव, जहाज आणि 'रुपया तिथे कसा गेला' एवढं पुष्कळ आहे. एखाद्या मोठ्या मुलाने तो शब्द शोधला आणि विचारलं, तर 'हो, तसं वाचता येतं, का ते नक्की माहीत नाही' एवढं सरळ उत्तर द्या. लपवलं की मुलांचं सगळं लक्ष तिथेच जातं.

संग्रहाचं म्हणाल तर 'सगळ्या नोटा' हा बेत सोडा. दीड हजारात १९१४ च्या नोटा येणार नाहीत, जॉर्जच्या काळातल्या मोठ्या रकमेच्याही नाहीत. तुमच्याकडे १९६८ च्या मालिकेतल्या पाचपैकी तीन आधीच आहेत, हा फार चांगला पाया आहे. आधी वीसची घ्या. काही महिने पैसे साठवून एकच नोट घ्या, पण बरी घ्या. शंभराची या मालिकेत सगळ्यांत अवघड आणि महाग आहे, ती शेवटी. मधल्या काळात १९५४ च्या पाच-दहाकडे वळा, किंवा सहाव्या जॉर्जची ५० सेंटची चिटुकली नोट बघा. नाण्यांची तंगी असताना छापलेल्या या छोट्या नोटा हाताळून हाताळून झिजायच्या, म्हणून चांगल्या स्थितीत कमी सापडतात, पण झिजलेली एखादी आवाक्यात येते.

पन्नासची दुसरी, कोरी नोट घेऊन आजोबांची नोट अल्बमच्या मागच्या कप्प्यात टाकण्याचा मोह होईल. तसं करू नका. आजोबांच्या तीन नोटा, पाकीट आणि सीडीसी हा एक वेगळा संच आहे, तो एकत्रच राहू द्या. विकत घेतलेल्या नोटा वेगळ्या अल्बममध्ये लावा.

खरेदी करताना काही शब्द कानावर येतील. 'पिक नंबर' म्हणजे जर्मन संग्राहक आल्बर्ट पिक यांच्या नावाने चालणारा, जगभरच्या नोटांच्या यादीतला क्रमांक. १९६८ ची सेशेल्स मालिका पिक १४ ते १८, त्यात पन्नासची १७. 'यूएनसी' म्हणजे कोरी, मग 'एक्स्ट्रा फाइन', 'व्हेरी फाइन', 'फाइन' अशी उतरण. डीलरच्या शब्दावर न जाता मोड स्वतः मोजा. नोट तिरपी धरली की मधली घडी दिसते. टाचणीची भोकं उजेडासमोर धरल्याशिवाय दिसत नाहीत, आपल्याकडच्या नोटांना ती हमखास असतात. वॉटरमार्क बघा, राणीच्या चित्रावरून बोट फिरवा, खरखर लागली पाहिजे. गुळगुळीत रंगीत छपाईच्या नकलाही बाजारात आहेत. प्लास्टिकच्या कडक कवचात घालून ७० पैकी गुण दिलेल्या नोटा येतात. शंभराची घ्याल तेव्हा तशी घ्या, लहान नोटांसाठी त्या कवचाचे पैसे देऊ नका.

परदेशातून टपालाने मागवण्याच्या फंदात सुरुवातीला पडू नका. चलनी नोटा टपालाने पाठवण्यावर बंधनं असतात आणि कस्टम्सचं झंझट वेगळंच. पुण्यात 'कॉइनेक्स' भरतं, मुंबईतही प्रदर्शनं होतात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चक्कर टाकली तर भाव कळतात, घेतलं नाही तरी. मुंबईला गेलात तर फोर्टमधल्या सर पी. एम. रोडवर रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम आहे. नोटा कशा मांडतात ते तिथे नीट बघून या. कायद्याचं म्हणाल तर भारतात राहणाऱ्याला दोन हजार अमेरिकी डॉलरच्या मोलापर्यंत परकी नोटा जवळ ठेवता येतात. तुमचे तीन कागद त्यात सहज बसतात. घेतलेल्या प्रत्येक नोटेची पावती मात्र मागा.

नोटा ठेवायच्या कशा, हे तुम्ही विचारलेलं नाही, आणि गुहागरात राहणाऱ्या माणसाला मला हेच सगळ्यांत कळकळीने सांगायचं आहे. माझ्याकडे मॉरिशसची सहाव्या जॉर्जची दहाची नोट होती. एका दुकानातून आणलेल्या मऊ प्लास्टिकच्या अल्बममध्ये ती ठेवली आणि तीन पावसाळे उघडून बघितली नाही. चौथ्या वर्षी काढली तेव्हा प्लास्टिक चिकट झालं होतं आणि राजाच्या चेहऱ्यावरची शाई प्लास्टिकला लागून आली. ती नोट अजून माझ्याकडे आहे, तो चेहरा काही परत आला नाही. वास मारणारं, मऊ, लवचिक प्लास्टिक पीव्हीसीचं असतं, त्यात एक दिवसही नोट ठेवू नका. पॉलिएस्टरची पारदर्शक, खुळखुळ वाजणारी पाकिटं मिळतात, ती घ्या. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, स्टेपलर नको.

पाकिटं पुठ्ठ्याच्या डब्यात आडवी ठेवा. डबा पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, पावसाची ओल त्याच भिंतीतून येते. सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर पंधरवड्याला उन्हात वाळवून परत ठेवा, पुड्या, नोटा नव्हेत. डांबरगोळ्या नोटांजवळ नकोत. कसर लागते ती जुन्या कागदाला आणि खळीला, म्हणून सीडीसीसुद्धा याच काळजीने ठेवा. चामड्याचं पाकीट वेगळं ठेवा, त्याचं तेल कागदात उतरतं. आजवर उतरलं ते राहू द्या, पुढे नको. आणि जून ते सप्टेंबर, दर महिन्याला एकदा, कोरड्या हाताने डबा उघडून बघा.

एक गोष्ट तुमच्या पत्रात राहिली आहे. नोटांवरच्या तारखा तुम्ही लिहिलेल्या नाहीत. पन्नासच्या नोटेवर छापलेली तारीख असते आणि खाली तिथल्या ब्रिटिश गव्हर्नरची सही. १९६८ किंवा १९६९ असेल तर ती ह्यू नॉर्मन-वॉकर यांची असायला हवी, त्यानंतरची असेल तर ब्रूस ग्रेटबॅच यांची. दहाच्या नोटेवर १९७४ दिसलं, तर कॉलिन ॲलन. छापलेली तारीख म्हणजे आजोबांना नोट मिळाली तो दिवस नव्हे. त्या दिवसाच्या आधी ती त्यांच्या हाती आलेली नाही, एवढंच त्यातून नक्की कळतं. पण सीडीसीत प्रत्येक फेरीला बोटीचं नाव, चढल्याची आणि उतरल्याची तारीख शिक्क्यानिशी असते. तिन्ही नोटांमधली सगळ्यांत अलीकडची तारीख घ्या आणि त्यानंतरच्या 'करंजा'वरच्या फेऱ्या मोजा. अशी एकच फेरी निघाली, तर तुमचे आजोबा माहेच्या बंदरात कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यांच्या दरम्यान उभे होते ते तुमच्या हातात येईल.

हे मामांच्या शेजारी बसून करा. भिंग, पेन्सिल आणि साधी वही लागेल. सीडीसीची पानं चिकटली असतील तर ओढू नका, कोरड्या दिवशी हळूहळू सुटतील. तारखा मिळाल्या की मला कळवा. 'करंजा'च्या फेऱ्यांबद्दल माझ्याकडे जे काही आहे, ते काढून ठेवतो.